जावईबापूंच्या भीतीची वही

विषारी मासा पाळणं अजिबात अवघड नाही. त्याला घाबरू द्यायचं नाही, एवढंच. बाकी खाणं, उजेड, पाण्यातलं मीठ या गोष्टी कुणालाही जमतील. पण ज्या घरात मिक्सर आहे, मेहुण्याचं येणंजाणं आहे, आणि ज्या घरातल्या बेसिनवरच्या कपाटाचं दार दर तीन दिवसांनी निखळून खाली येतं, त्या घरात एका जिवाला चोवीस तास न घाबरवता ठेवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. म्हणजे मला विचारा. दुसऱ्या कुणी हा उद्योग केल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. तिच्यात प्रवाळ आहेत. पाहुण्यांना ते दगड वाटतात आणि ते तसं बोलूनही दाखवतात. चार वर्षांपूर्वी बोटाच्या पेराएवढे आणलेले तुकडे मी ओंजळीएवढे वाढवले आहेत. शिवाय दोन नारिंगी मासे, कायम रुसल्यासारखा फिरणारा एक निळा मासा, आणि लाल पट्ट्यांची एक कोळंबी. ही कोळंबी बाकीच्यांच्या अंगावरची घाण वेचून खाते. आमच्या घरात न सांगता काम करणारी ती एकटीच. मी ऑफिसात सव्वीस वर्षं आवक-जावक नोंदी करतो. त्या नोंदी बघायला कधी कुणी आलेलं नाही. ही टाकी मात्र लोक बघायला येतात. ती गेली तर ‘हे मी केलं’ म्हणून बोट दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे काही वागलो त्याला लोक वेडेपणा म्हणणार नाहीत.

मी मुख्य लिपिक झालो त्याचा आनंद माझ्यापेक्षा मेहुण्याला जास्त झाला. एका रविवारी दुपारी माझा डोळा लागला असताना तो आला, हातातली पाण्याची पिशवी टाकीत रिकामी केली, आणि मग मला उठवलं.

“भाऊजी, सरप्राइज!”

टाकीत एक साबणाची वडी पोहत होती. पिवळीधमक, काळ्या ठिपक्यांची, आणि आकाराने चक्क चौकोनी. वडीला दोन डोळे होते आणि त्या डोळ्यांत माझ्याइतकंच आश्चर्य होतं. मेहुणा चहा पिऊन गेला. मी माझ्या नेहमीच्या मासेवाल्याला, म्हणजे शोभेचे मासे विकणाऱ्याला, फोन लावला.

“तो पिवळा चौकोनी?” दुकानदार म्हणाला. “अहो, तुमच्या मेहुण्यांना मी तीनदा सांगितलं, साहेबांना विचारून न्या म्हणून.”

“काय विचारून?”

“बॉक्सफिश आहे तो. खूप घाबरला की अंगातून विष सोडतो. समुद्रात ठीक आहे, पण बंद टाकीत सगळे जातात. तो स्वतःसुद्धा.”

“आणि माणसं?”

“माणसांना काय होतंय! पाण्यात हात घातला तर साबणाने धुवा.”

“मी आत्ताच्या आत्ता परत आणून देतो.”

“कसा आणणार?”

“जाळीने पकडून.”

“जाळी बघितली की तो घाबरणार,” दुकानदार शांतपणे म्हणाला. मी विचारलं, “मग मी करू काय?”

“आनंदात ठेवा,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी मी बायकोला आणि मुलीला समोर बसवून परिस्थिती समजावली. ठेवला तर धोका, काढायला गेलो तर अनर्थ. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे याची मर्जी सांभाळायची, याला उलट बोलायचं नाही, आणि परत पाठवायची सोय नाही. मग जावईच झाला की हा!” झालं. त्या दिवसापासून मासा जावईबापू झाला. हे नाव माझ्याच बायकोने माझ्याच समोर ठेवलं. मीही कुणाचा तरी जावई आहे, पण माझी मर्जी सांभाळल्याचा एकही प्रसंग मला आठवत नाही.

घराची घडी बदलली. मिक्सर बाल्कनीत गेला. हॉलमधला दिवा एकदम लावायचा नाही. आधी स्वयंपाकघरातला, मग पॅसेजमधला, मग हॉलमधला, असा उजेड टप्प्याटप्प्याने आणायचा. दारावरच्या बेलमध्ये कापूस कोंबला. तिचा आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा यायला लागला. शिंक आलीच तर संडासात जायचं. बायकोने माझ्यावर ओरडायचं असेल तर हातवारे करून ओरडायचं, असा ठराव मी मांडला. तो तिने हातवारे करूनच फेटाळला.

शेजाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू दोन घरं सोडून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “त्याला गाणं ऐकवा हो, जीव रमेल.” आणि तिथेच, टाकीसमोर, सुरुवातही केली. मी त्यांना मोठ्या आदराने जिन्यापर्यंत पोचवलं. वरच्या मजल्यावरच्या ऑडिटरकाकांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली आहेत, पण ते अजून बोलताना समोरच्याच्या चुकीवर बोट ठेवायला पेन्सिल शोधतात. ते म्हणाले, “भीतीची कारणं काय आहेत? तुमच्याकडे काही नोंद आहे का? नोंद नसेल तर मग सगळ्या गप्पाच.”

हे मात्र मला लागलं. मला कुणी आळशी म्हटलं तरी चालेल, माझ्या शर्टाला नावं ठेवली तरी चालेल. पण नोंद नाही? मी त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या आणि रकाने पाडले. तारीख, वेळ, भीतीचं कारण, भीतीची श्रेणी, शेरा. श्रेणी तीन: ‘क’ म्हणजे मासा दचकला, ‘ब’ म्हणजे कोपऱ्यात गेला, ‘अ’ म्हणजे आम्ही संपलो. पहिलीच नोंद मेहुण्याच्या नावावर पडली, याचं मला समाधान वाटलं.

“बाबा, तू त्याच्या भीतीचं रजिस्टर ठेवतोयस?” मुलीने विचारलं.

“वही आहे. रजिस्टरला शिक्का लागतो,” मी म्हणालो.

वहीत खोटं लिहायचं नाही आणि काही गाळायचं नाही, हा माझा सव्वीस वर्षांचा नियम. त्यामुळे मी जे घडलं ते ते लिहीत गेलो. सकाळी सात, कपाटाचं दार पडलं, ब. सव्वासात, मासा बरा आहे का ते बघायला गेलो, क. साडेसात, पुन्हा बघायला गेलो, क. अशी वही भरत चालली. भरलेलं पान बघितलं की माणसाला आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

दीड महिना असा गेला. मग मेहुण्याने एकदा जिन्यात कुणाला तरी अभिमानाने सांगितलं, “आमच्या भाऊजींकडे असा मासा आहे, एका मिनिटात सगळे खलास!” कुणाला सांगितलं ते त्याला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मला सोसायटीची नोटीस आली. इमारतीत विषारी प्राणी बाळगल्याबद्दल खुलासा करावा आणि पालिकेची परवानगी सादर करावी, खाली सेक्रेटरीची सही. सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे गृहस्थ. त्यांना नोटीस काढायला इतकी आवडते की पार्किंगमध्ये मांजर व्याली तेव्हा त्यांनी मांजरीच्या नावाने एक काढली होती.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पालिकेत गेलो. दोन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी मला पाळीव प्राण्यांचा अर्ज दिला.

“जात, रंग, चावतो का, लस कधी टोचली, सगळं भरा. पट्टा क्रमांक?”

“बाई, मासा आहे.”

“पट्टा नाही का? मग मोकाटमध्ये येतो. मोकाट चार नंबर.”

“मोकाट कसा असेल? टाकीत आहे तो.”

“टाकी कुठे आहे? गच्चीवर? मग पाणीपुरवठा. वरचा मजला.”

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ‘विषारी’ हा शब्द आल्यावर बाईंनी चष्मा काढला. “विषारी म्हणजे साप. साप पाळायला परवानगी नाही.” “साप नाही, मासा.” “मासा म्हणजे अन्न विभाग. पहिला मजला.” पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, “विकणार आहात का?” मी नाही म्हणालो. “मग आमची काही हरकत नाही,” असं म्हणून ते डबा खायला गेले. हरकत नाही हे लेखी द्या म्हटलं तर म्हणाले, हरकत असली तरच लेखी देतात. मी स्वतः याच धंद्यातला. ज्या सफाईने त्या मंडळींनी मला एका खिडकीवरून दुसरीकडे सरकवलं, ती बघून मी मनातल्या मनात दादच दिली. सुमारे तीन तासांनी माझ्या अर्जावर ‘मिळाला’ असा गोल शिक्का पडला. तो घेऊन मी घरी आलो आणि हीच परवानगी असं सेक्रेटरींना ठासून सांगितलं.

सेक्रेटरींनी शिक्का उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, “प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल.”

शनिवारी सकाळी कमिटीचे पाच जण आले. चपला जिन्यात काढायला लावल्या, मोबाइल टोपलीत ठेवायला लावले, आणि सगळ्यांना चवड्यांवर चालत आत आणलं. पाच वजनदार माणसं माझ्या हॉलमध्ये चोरपावलांनी शिरताना बघून मला बरं वाटलं. निदान कुणीतरी ही गोष्ट माझ्याइतकी गंभीरपणे घेतंय, असं वाटलं. जावईबापू मधोमध तरंगत होते. सेक्रेटरी वाकले, डोळे बारीक केले, “हा?” असं म्हणाले आणि काचेवर टिचकी मारली.

मला तेव्हा काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही, आणि ओरडून सांगायची तर सोयच नव्हती. जावईबापू खडकामागे गेले. मी सेक्रेटरींचा हात धरला. तो मी पिरगळला, असं त्यांचं म्हणणं आहे. मी नुसता धरला होता. कमिटी चवड्यांवर बाहेर गेली आणि मी वहीत नोंद केली: सेक्रेटरी, टिचकी, ब, शेरा: निर्बुद्ध.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या तळाशी कोळंबी पडलेली दिसली. आडवी, पांढुरकी, निश्चल. म्हणजे विष सुटलं होतं. आज कोळंबी, उद्या निळा, परवा सगळे. मी तिला चिमट्याने उचललं, काड्यापेटीत ठेवलं, आणि नाश्ता न करता टेबलाशी बसून सोसायटीला अर्ज लिहिला. ‘महोदय, आपण काचेवर मारलेल्या टिचकीमुळे माझ्या कुटुंबातील एक कष्टाळू सदस्य आज पहाटे आम्हांला सोडून गेला. या मृत्यूस आपण व्यक्तिशः जबाबदार आहात.’ एक प्रत फाइलला ठेवली आणि एक खाली जाऊन सूचनाफलकावर लावली.

मी वर येतो न येतो तोच समोरच्या काकू आल्या. त्यांनी बायकोचे दोन्ही हात हातात घेतले आणि भरल्या डोळ्यांनी विचारलं, “कोण गं?” बायको माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात मुलीने टाकीपाशी जाऊन बघितलं आणि म्हणाली, “बाबा, काड्यापेटीतली गेलीय, पण टाकीतली जेवतेय.”

कोळंबी वाढते तेव्हा जुनं कवच उतरवून ठेवते. हे मला चार वर्षं माहीत आहे. दर महिन्याला ती उतरवते आणि दर महिन्याला मीच ते चिमट्याने काढून टाकतो. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात फक्त सेक्रेटरीचं बोट होतं. मी फलकावरचा अर्ज काढायला धावलो, तर तिथे सात-आठ जण जमले होते आणि सेक्रेटरी स्वतः अर्ज मोठ्याने वाचून दाखवत होते. मी तिथून काढता पाय घेतला.

पुढच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खास सभा भरली. विषय एकच: मासा काढावा की ठेवावा. काढावा म्हणजे जाळी, जाळी म्हणजे भीती, भीती म्हणजे माझी चार वर्षं एका सकाळी पांढरी पडून तळाशी. हे मी उभं राहून सांगितलं. लोकांना ते नाटक वाटलं असावं, पण मला खरंच रडू येत होतं.

सेक्रेटरी म्हणाले, “माझ्या टिचकीने मासा घाबरला म्हणता. पुरावा?”

मी वही पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदा माझी नोंद कुणीतरी मागितली होती. ऑडिटरकाकांनी ती घेतली, खिशातून पेन्सिल काढली आणि पानं उलटायला सुरुवात केली. ते एकेका नोंदीपुढे खुणा करत गेले. पंधरा मिनिटांत वही संपली. मग ते म्हणाले, “तुम्ही बेरीज केलेली नाही.”

“आमच्या विभागात बेरीज करत नाहीत,” मी म्हणालो. “आम्ही फक्त नोंद करतो. बेरीज वरच्या मजल्यावर होते.”

“हं. मी केली आहे. मासा एकूण दोनशे बारा वेळा घाबरला. कपाटाचं दार एकोणीस, बेल सतरा, मेहुणे चौदा, मिक्सर अकरा, कारण अज्ञात नऊ. सेक्रेटरी एक.” त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. “आणि तुम्ही स्वतः एकशे एक्केचाळीस.”

पार्किंगमध्ये कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ऑडिटरकाकांनी मागून चार नोंदी वाचल्या. बघायला गेलो, दचकला. बरा आहे ना ते पाहिलं, दचकला. घाबरलाय का हे पाहण्यासाठी जवळ गेलो, कोपऱ्यात गेला. कोपऱ्यात का गेला ते पाहण्यासाठी आणखी जवळ गेलो, खडकामागे गेला. सगळं माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीने. नाकारायला जागा नव्हती.

सभेने एकमताने ठराव केला. मासा राहू द्यावा. मालकाने माशापासून लांब राहावं. सूचक सेक्रेटरी, अनुमोदक समोरच्या काकू. मीही हात वर केला, कारण न करून सांगणार काय होतो?

वर आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो. टाकी वाचली होती, आणि तरीही मला एवढं वाईट याआधी कधी वाटलं नव्हतं. मी त्याला जपत होतो. दीड महिना दुसरं काही केलंच नव्हतं. मुलगी येऊन शेजारी बसली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“मग सांगितलं का नाहीस?”

“माझ्या परीक्षेच्या वर्षी सांगून बघितलं होतं. दर अर्ध्या तासाने दार उघडून ‘चाललाय ना अभ्यास?’ विचारायचास. मी पुस्तक समोर धरून बसायचे, तू जाईपर्यंत.” मग माझा चेहरा बघून तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. “तू काळजीनेच करायचास, बाबा. पण दचकायला व्हायचंच.”

त्या वर्षाची वही मी ठेवली नव्हती ते बरंच झालं.

आता टाकीची कामं बायको करते. पाण्याचं मोजमाप मी कागदावर लिहून देतो, ती तसं करते, किंवा तसं केल्याचं सांगते. माझी खुर्ची टाकीकडे पाठ करून मांडलेली आहे. पहिले दोन दिवस माझी मान आपोआप वळायची आणि बायको लांबूनच “अहो” म्हणायची. तिच्या “अहो”ने मासा कधी दचकला नाही, हेही मला त्या दिवसांत कळलं. दुसऱ्या आठवड्यात मी एका संध्याकाळी पेपर वाचत बसलो होतो. बायको समोर बसून भाजी निवडत होती. तिने हातातलं काम थांबवलं.

“हलू नका,” ती हळूच म्हणाली.

“काय झालं?”

“आलाय. तुमच्या मागे, अगदी काचेला चिकटून.”

“काय करतोय?”

“बघतोय तुमच्याकडे.”

“घाबरलाय?”

“छे. मघापासून तसाच आहे. तुमच्या टकलाकडे बघतोय बहुतेक.”

“शेपटी कशी आहे? उघडी की मिटलेली?”

“उघडी आहे. आता कल्ले हलवतोय. आता थोडा खाली गेला. नाही, परत आला.”

मला वळून बघावंसं इतकं वाटलं की पेपर हातात चुरगळला. पण मी वळलो नाही. मान अवघडली, पाय बधिर झाला, तरी तसाच बसून राहिलो, आणि तो काय करतोय ते ती मला एकेक करून सांगत राहिली.